जवळचं दिसणं

१

आमच्या रुग्णालयातली अंधारखोली म्हणजे पूर्वीची सामानाची खोली. खिडकीला काळं कापड ठोकलेलं, दाराला आतून कडी, वर एक पंखा. तो फिरताना दर फेरीला एकदा खट्ट वाजतो. डोळे तपासायला अंधार लागतो, म्हणून ती खोली मला मिळाली. बुधवारी यवतमाळहून मानसोपचाराच्या डॉ. विजयमाला येतात. त्यांचे पेशंट व्हरांड्यातल्या बाकांवर बसतात आणि मी त्यांच्यातला एकेक जण आत घेते.

काम सोपं आहे. जी माणसं वर्षानुवर्षं मनाच्या आजाराच्या गोळ्या घेतायत, त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या कशा वागतात ते मोजायचं. पेशंटनं खुर्चीत बसून समोरच्या भिंतीवरच्या, अंधारात चमकणाऱ्या लाल ठिपक्याकडे बघायचं. मी अंधारातही टिपणारा हातातला छोटा कॅमेरा डोळ्याच्या जरा खालून धरते, म्हणजे त्याची नजर अडत नाही. बटण दाबलं की उजेडाचा झोत जातो आणि बाहुली कशी हलली त्याची रेघ कॅमेऱ्याच्या पडद्यावर उमटते. निरोगी बाहुली चटकन लहान होते आणि सावकाश पुन्हा मोठी होते. या माणसांच्या बाहुल्यांना तेवढी घाई नसते. काहींच्या अंधारातही पुरेशा उघडत नाहीत. काहींच्या भर उजेडातही उघड्याच, आणि झोत पडला की झोपेतून कूस बदलावी तशा जेमतेम हलतात.

याचा मला संताप येतो. झोप लागते का, जेवता का, घरच्यांना त्रास देता का, एवढं सगळे विचारतात. तुम्हाला दिसतं का, हे कुणी विचारत नाही. बाकांवरची माणसं बघा. सगळी कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे, लांबच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसलेली. त्या बघण्याला सगळे ‘गोळ्यांची नजर’ म्हणतात आणि पुढं जातात.

“मॅडम, तुमी एवढ्या तापता ना,” औषधाच्या खिडकीतला रवी मला म्हणतो, “तुमच्या डोक्यावर भाकर शेकता येईन.”

मानीबाई पहिल्यांदा आली ती कापूस वेचणीच्या दिवसांत. फुलसावंगीच्या बाजूच्या एका तांड्यावरची. वय चाळीसच्या आतबाहेर. सोबत नवरा धनसिंग आणि मुलगी जया.  बोलली ती जया, आईला बंजारा बोलीत ‘याडी’ म्हणत.

“ताई, याडीले सुईत दोरा ओवता येत नाई. उन्हाळ्यात माह्यं लग्न हाय. आमच्यात नवरीची ओढणी आईच्या हातची लागते, आरशे अन् कवड्या लावेल. मावश्या करून द्याले तयार हायेत. पण मले याडीच्याच हातची पायजे.”

“मी नाई केली त काय अडते?” मानीबाई ठिपक्याकडे बघत म्हणाली. “बजारात भेटते.”

“बजारात नवरदेवबी भेटते. तोबी तठूनच आणू का?”

धनसिंग हसला. “हे पोरगी वकील व्हाले पायजे होती.”

मी मानीबाईच्या डोळ्यांसमोर माझं पेन हळूहळू जवळ आणलं. जवळचं बघताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि बाहुली लहान होते. उजेड तेवढाच असला तरी होते. तिची झाली नाही. पेन तिला नुसतं धुकट दिसत असणार. मग मी तपासणीच्या चौकटीत जवळचं बघायच्या काचा घातल्या, चौकट तिच्या नाकावर ठेवली आणि हातात सुई दिली.

तिनं सुईकडे बघितलं. म्हणजे मला तसं वाटलं. दुसऱ्याच क्षणी तिनं चौकट ओढून काढली आणि माझ्या टेबलावर पालथी ठेवली.

“नाई पायजे.”

“दिसलं ना पण?”

“डोकं दुखते.”

चष्म्याची सवय नसली की असं होतं. मी तसं लिहून टाकलं.

२

डॉ. विजयमालांशी मी त्याच दिवशी भांडले. भांडले म्हणजे मीच बोलत होते. त्या जेवणाचा डबा उघडून ऐकत होत्या.

मानीबाईच्या औषधांत एक गोळी हातांच्या थरथरीसाठी होती. मुख्य औषधानं सुरुवातीला हात थरथरायचे, म्हणून कधीतरी दिलेली. थरथर केव्हाच गेली. गोळी राहिली. तीच बाहुली मोठी करते आणि जवळचं धूसर करते.

“या बाईनं लेकीची ओढणी करायची सोडली, मॅडम, एका गोळीपायी. आणि ती आता लागतही नाही!”

“बरोबर आहे तुझं,” त्या म्हणाल्या. त्यांचं हे मला आवडतं. “तोंडही सुकतं तिचं, पोटाचीही तक्रार आहे. उतरवू या. पण एकदम नाही, हळूहळू. मुख्य औषध आहे तसंच राहील. आणि काही वेगळं वाटलं तर वाट बघायची नाही, मला फोन करायचा.”

मी जिंकल्यासारखी बाहेर आले. धनसिंगला गोळी कशी कमी करायची ते समजावलं. तो मान हलवत होता. मग मुलगी पाणी भरायला गेली तशी त्यानं आवाज उतरवला.

“एक सांगतो, मॅडम. ते पयल्यांदा बिमार पडली न, तवा सुईकामच करून राह्यली होती. जया रांगत होती. आंगणात बसेल होती अन् एकदम सुई फेकली. दोन्ही हातानं समोरचं ढकलून राह्यली. आता ढकलाले समोर काईच नोतं.”

“आजार तसाच असतो, दादा. सुईचा काय संबंध?”

“तेच म्हणतो मी. काय संबंध?”

मानीबाई पायरीवर बसली होती. मी तिच्याजवळ वाकले, हात धरला. म्हटलं, घाबरू नका, लेकीच्या लग्नात सगळ्यात सुंदर ओढणी तुमच्या हातची असेल.

ती टाकीकडे बघत होती. “राहू दे न बाई,” ती म्हणाली. “चाल्लं ते बरं चाल्लं.”

अशी हार मानायला आपणच त्यांना शिकवतो. मी तिचा हात आणखी घट्ट दाबला.

३

गोळी पूर्ण बंद झाल्यावर ती पुन्हा आली, तेव्हा बाहुल्या झोताला झटकन मिटल्या. पडद्यावरची रेघ इतकी देखणी आली की मी तिचा फोटो काढून डॉ. विजयमालांना पाठवला. पेन जवळ आणलं, डोळे वळले, बाहुली लहान झाली. जयानं सुई-दोरा पुढे केला. मानीबाईनं एकदा बघितलं, मग डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनी दोरा ओवला.

“पायलं? म्या सांगतलं होतं ना!” जया टाळ्या वाजवत बाहेर धनसिंगला सांगायला पळाली.

बोलणं, झोप, जेवण, सगळं ठीक होतं. आवाज ऐकू येतात का, कुणी मागावर आहे असं वाटतं का, हेही मी विचारलं. नाही. आजार उलटलेला नव्हता. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण नंतर मी मनानं पुन्हा पुन्हा याच ठिकाणी परत आले आहे.

शेवटची नोंद राहिली होती. अंधारात, झोत न देता, नुसतं ठिपक्याकडे बघत बसायचं. या चाचणीत काहीच घडायचं नसतं. बाहुली मोठी होऊन स्थिर राहते. मी दाराची कडी लावली, दिवा बंद केला. पंखा खट्ट वाजत होता. पडद्यावर तिची बाहुली मोठी, काळी, स्वस्थ.

मग ती लहान होऊ लागली.

मी झोत दिला नव्हता. दाराखालून उजेड येत नव्हता. बाहुली सावकाश आकसत होती आणि डोळा आतल्या बाजूला, नाकाकडे वळत होता. मला वाटलं, ती कॅमेऱ्याकडे बघतेय. मी कॅमेरा मागे घेतला. काही फरक पडला नाही. नजर कॅमेऱ्यावर नव्हतीच. तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये जी रिकामी जागा होती, तिथं होती. ती जागा कमी कमी होत होती.

“मानीबाई, ठिपक्याकडे बघा.”

“तेच पाहून राह्यली.”

तिची मान हळूहळू मागे जात होती. जाता जाता डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलं. त्याच्यामागं जायला जागा नव्हती. बाहुली आता टाचणीच्या डोक्याएवढी. डोळे असे जवळ आलेले, जसं लहान मूल स्वतःच्या नाकावर बसलेल्या माशीकडे बघतं.

मी दिवा लावला. समोर काहीच नव्हतं. ती होती, मी होते.

“काय झालं?”

“काई नाई.” तिनं पदरानं ओठांवरचा घाम पुसला. “तुह्या खोलीत दूरचं काई नाई वं. भित बी जवळच हाय.”

झोप आली की बाहुली लहान होते, हे पुस्तकात आहे. अंधार, पंखा, सकाळपासूनचा एसटीचा प्रवास. बाई पेंगत होती. मी तसं लिहिलं आणि कडी काढली.

४

जयाचा फोन आला तेव्हा ती भांडायच्या सुरात होती. “ताई, तुमी येऊन पाहा. याडी ओढणी करून राह्यली, पण असी करून राह्यली का मले रडू यून राह्यलं.”

मी सुट्टीच्या दिवशी गेले. तांड्याच्या घराघरांत कापूस भरलेला होता. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, दार अर्धंच उघडत होतं. मला अंग चोरून आत जावं लागलं आणि कापसाच्या ढिगाला खेटून मागच्या अंगणात निघावं लागलं. टिनाचं छप्पर उन्हानं टिकटिक करत होतं.

मानीबाई छपराच्या सावलीत भिंतीला पाठ लावून बसली होती. मांडीवर लाल ओढणी. हात भराभर चालत होते, टाका सुंदर, एकसारखा. पण ती ओढणीकडे बघत नव्हती. ती समोरच्या शेतांपलीकडे, टेकडीवर उभ्या असलेल्या मोबाइलच्या टॉवरकडे बघत होती. बोटांनी चाचपून आरसा लावत होती, चाचपून टाका घालत होती.

“आमची मानी आता आकाशाकडे पाहून शिवते,” शेजारची कोकिळाबाई कुंपणावरून म्हणाली. “तुमी डोयाच्या डाक्तरीण न? मंग डोये कायले दुरुस्त केले?”

“मावशी, तू तुह्या बकऱ्या पाय,” जया म्हणाली आणि ओढणीचं टोक माझ्यापुढं धरलं. “हे पाहा.”

सगळे आरसे उलटे लावले होते. चकाकतं तोंड कापडाकडे, मळकट पाठ वर. लाल कापडावर ओळीनं ते करडे ठिपके मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारखे दिसत होते.

“सासरचे काय म्हणतीन? नवरीच्या आईले आरसा कोण्या बाजूनं रायते ते समजत नाई?”

“मानीबाई, असं का?”

“जवळून पायजो नोको,” ती टॉवरकडे बघत म्हणाली. “जवळ ते रायते.”

“काय राहतं?”

हात थांबले नाहीत. तिनं पुढचा आरसा चाचपून घेतला.

मला धीर नसतो. हे माझ्याबद्दल सगळेच सांगतात. पण त्या क्षणी मला खरोखर वाटलं, की भीती अशीच घालवायची असते, हातानं, सगळ्यांच्या देखत. मी जयाकडून कात्री घेतली, एका आरशाभोवतीचे टाके कापले आणि आरसा फिरवून पुन्हा त्या जागी दाबून धरला.

“सुलटा नोको करू वं!” मानीबाईनं माझं मनगट पकडलं. तिची बोटं बर्फासारखी होती. “छोरी, नोको!”

“काही होत नाही. हे बघा, मी बघते.”

मी वाकले. नखाएवढा आरसा. त्यात मावला तो फक्त माझा एक डोळा. पापण्या, तपकिरी कडं, मधली बाहुली. हजारो डोळे बघितलेत मी, स्वतःचा असा कधी बघितला नव्हता. सावली होती, उजेड बदलत नव्हता. बाहुली लहान होऊ लागली.

जवळ बघितलं की होतेच. आरसा जवळ होता. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पण आरशात स्वतःला बघताना आपली नजर आपल्याच नजरेला भिडते. माझी भिडली नाही. आरशातला डोळा माझ्याकडे बघत नव्हता. तो आणखी आत वळला होता आणि आरशाच्या अलीकडे, माझ्या चेहऱ्याच्या आणि त्या काचेच्या मध्ये कुठंतरी थांबला होता. मी त्याला तिथं नेलं नव्हतं. समोरच्या वस्तूवर डोळा जसा जातो, तसा तो आपोआप कशावर तरी गेला होता.

मानीबाईचा तळवा आरशावर आला.

“पायलं न?”

“काही नव्हतं,” मी म्हटलं. 

“मंग दूर पाय,” ती म्हणाली, अगदी हळू, आई मुलाला जेवू घालताना बोलते तसं. “दूर पायलं का ते दिसत नाई. जात नाई, पण दिसत नाई.”

बाहेर पडताना कापसाच्या ढिगाशी मी अडखळले. पांढरं, मऊ, दोन्ही बाजूंनी गालांना लागणारं. मी डोळे मिटून ती खोली ओलांडली.

५

डोळ्यांचा आतला स्नायू आखडतो. जास्त जवळचं काम केलं, ताण असला, की नजर जवळ अडकून बसते आणि बाहुली लहान राहते. तरुणांना होतं. मी दिवसभर हातभर अंतरावरून लोकांचे डोळे बघते, मला होणारच. एसटीत मी हे स्वतःला समजावत आले. फोन मात्र बघायला बाहेर काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी रवीला अंधारखोलीत बोलावलं, कॅमेरा त्याच्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीत बसले.

“बटण दाबू नको. नुसता धर. पडद्यावर काय दिसतं ते सांग.”

“मॅडम, मोठी हाय. काळी हाय. डोया सुंदर हाय, लगनाचं पाहून टाका.”

“रवी.”

“बरं, बरं.” पंखा वाजला. पुन्हा वाजला. मी ठिपक्याकडे बघत होते. तो ठिपका इतका जवळ आहे हे मला आजवर जाणवलं नव्हतं. “आता... लहान होऊन राह्यली, मॅडम. म्या त हात बी नाई लावला बटणाले.”

ठिपका दोन झाला. एक डावीकडे सरकला, एक उजवीकडे. मागच्या गोष्टी दोन दिसतात, जेव्हा नजर पुढच्या गोष्टीवर असते. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांनाही डोळ्यांसमोर बोट धरून दाखवू शकते. दोन ठिपक्यांच्या मधल्या अंधारात काय होतं, तिकडं मी लक्ष दिलं नाही. सगळं बळ लावून दिलं नाही. माझं डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलं तेव्हा मला कळलं की मी मागे सरकत होते.

“दिवा लाव.”

“तुमी पेंगत होत्या का?”

“हो,” मी म्हटलं.

त्या बुधवारी धनसिंग मानीबाईला धरून घेऊन आला. तिनं डोळ्यांवरून पदर बांधला होता. तिनं जेवणंही सोडलं होतं. घास तोंडाजवळ आला की मान फिरवायची. जया मागून येत होती, ओढणीची पिशवी छातीशी धरून. तिचे डोळे सुजलेले होते.

“गोळी परत द्या, ताई,” ती म्हणाली. “नाई पायजे मले ओढणी. मले याडी पायजे.”

मी डॉ. विजयमालांकडे गेले. मी काय पाहिलं ते सांगितलं नाही. मानीबाईला जवळचं दिसायला लागल्यापासून ती घाबरतेय, एवढंच म्हटलं. त्यांनी तिला बराच वेळ बसवून घेतलं, सगळं विचारलं, तिला कुणी दटावलं नाही. मग गोळी पुन्हा सुरू केली.

“आजार उलटला असं मला वाटत नाही,” त्या मला नंतर म्हणाल्या. चष्मा पुसत होत्या. “बाई शुद्धीवर आहे. नीट बोलते. कळत नाही मला हे. पण गोळीनं तिला बरं वाटत असेल तर आपण कोण?” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तू माझ्याकडे का बघत नाहीस?”

मी त्यांच्या खांद्यावरून खिडकीबाहेर, टाकीकडे बघत होते.

६

गोळी भिनल्यावर मानीबाई आली ती हसत आली. तिच्या बाहुल्या पुन्हा मोठ्या झाल्या होत्या, झोताला कंटाळून हलणाऱ्या. मी पेन जवळ नेलं. डोळे वळलेच नाहीत.

“कसं वाटतं?”

“मस्त धुक्कं आलं बाप्पा. काईच दिसत नाई.” तिनं जयानं आणलेली भाकर माझ्यासमोर मोडून खाल्ली. “आता लेकीचं लगन सुखानं पाहीन. दुरून पाहीन, पण पाहीन.”

ओढणी मावशीनं पुरी केली होती. मानीबाईचे उलटे आरसे जयानं तसेच राहू दिले. “कोणी विचारलं त सांगीन, आमच्या तांड्याची हे नवी फॅशन हाय,” ती म्हणाली. आई-मुलगी दोघी हसल्या. मीही हसले. मला बरं वाटलं, खरंच वाटलं. तिला हवं होतं ते तिला परत मिळालं होतं, आणि ते मीच घालवलं होतं, तरी तिच्या मनात त्याचा राग नव्हता.

निघताना ती दारात थांबली. धुकट डोळ्यांनी माझ्या चेहऱ्याच्या दिशेनं बघत राहिली.

“तुह्यावाली गोळी कोण देईन वं?” तिनं विचारलं.

मी ते विचारून बघितलं आहे. स्वतःलाच, अनेकदा. ती गोळी थरथरणाऱ्या हातांची आहे. माझे हात थरथरत नाहीत. ती मिळवायची तर मला व्हरांड्यातल्या बाकावर बसावं लागेल, आत जाऊन सांगावं लागेल, आणि डॉ. विजयमाला नीट ऐकून, काळजीनं, मला आधी दुसरंच औषध देतील. रवीच्या खिडकीतून चोरणं मला जमणार नाही. म्हणजे काल दुपारपर्यंत जमलं नव्हतं.

आईनं फोनवर बोलावलं म्हणून रविवारी मी बाभुळगावला घरी गेले होते. तिनं दार उघडलं आणि नेहमीसारखा माझा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्या तोंडाजवळ नेला. “डोळे कसे गं झाले तुझे, दाखव.” ती बोलत होती. मला तिचा चेहरा दोन दिसत होता, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोघी आया माझ्याकडे मायेनं बघत होत्या. आणि मला कळलं की माझी नजर तिच्यावर नाही. आमच्या दोघींच्या मध्ये एवढीही जागा नव्हती, तरी ती मध्येच थांबली होती.

मी तिला ढकललं. दोन्ही हातांनी. आई उंबऱ्यावर बसली. ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, आणि मी तिच्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत राहिले.

दूर बघून माणूस किती जगू शकतो? शेतात जमेल. बसच्या खिडकीत जमेल. पण जेवायचं हातभर अंतरावर, कपडे धुवायचे, केस विंचरायचे, कुणाशी बोलायचं ते हातभर अंतरावर. सगळं जगणं त्या हातभरात आहे. मी मागे सरकते तेवढं ते पुढे येतं. मी पळाले तरी ते पळत नाही, कारण त्याला पळावं लागत नाही. ते माझ्या डोळ्यापासून जिथं आहे तिथंच असतं.

म्हणून काल दुपारी मी रवीच्या खिडकीतून बाहुली मोठी करायचे थेंब उचलले आणि डोळ्यांत घातले. डोळ्याचा आतला पडदा तपासण्याआधी पेशंटना घालतो ते. जवळचं सगळं विरघळलं. हात, ताट, पाण्याचा पेला, सगळ्यांना कापसासारख्या कडा आल्या. मी पोटभर जेवले. डॉ. विजयमालांसाठी हे सगळं लिहायला बसले, कागदावर मोठमोठ्या अक्षरांत, अंदाजानं, ओळी एकमेकींवर चढल्या असतील. मला त्यांना नेमकं सांगायचं आहे. बुधवारी त्या येतील तेव्हा मी बाकावर बसलेली असेन, पण तोंडी मला जमणार नाही, आणि त्यांना माझ्या डोळ्यांकडे बघावं लागेल. म्हणून आज सकाळी पुन्हा थेंब घातले आणि खोलीचं दार उघडं ठेवून लिहितेय.

बाटली आता रिकामी आहे. थेंबांचा असर उतरतो, हे मी रोज पेशंटना हसून सांगते. काळजी करू नका, थोड्या वेळानं सगळं पहिल्यासारखं दिसेल.

वरच्या ओळी मला वाचता येत नव्हत्या. आता येतायत. ही ओळ लिहिताना पेनाचं टोक दिसतंय, शाई ओली दिसतेय. कागदाचे तंतू दिसतायत. मग कागद दोन झाला, एक डावीकडे, एक उजवीकडे.

खिडकीतून दूर बघायचं मला सुचलं होतं. मान वळत नाही. नजर एकदा जवळ बसली की तिला ओढून नेता येत नाही.

त्याला चेहरा आहे की नाही ते मी सांगू शकत नाही. इतकं जवळ आहे की सगळं एका वेळी दिसत नाही. दिसते ती एक गोल, काळी, ओली जागा, माझ्या डोळ्याच्या अगदी समोर. उजेड बदललेला नाही. तरी ती हळूहळू लहान होतेय.

बाहुली अशी कधी लहान होते, ते मला ठाऊक आहे. त्यालाही आता मी स्पष्ट दिसायला लागले आहे.